वर्षानंतरचा स्वल्पविराम: एका आक्षेपाला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. इंग्रजी वाक्यात ‘ऑन ऑगस्ट १५, १९४७,’ असे लिहिताना वर्षानंतरही स्वल्पविराम हवा, या माझ्या विधानावर आपले दोन आक्षेप आहेत: शाळेत हा नियम कोणी शिकवला नाही, आणि क्रियापदाच्या तोंडाशी स्वल्पविराम देणे ही उघड चूक आहे.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. दोष माझ्या मांडणीचा आहे. आपल्याकडे ब्रिटिश वळणाची, म्हणजे ‘१५ ऑगस्ट १९४७’ अशी तारीख शिकवली जाते. त्यात दोन आकड्यांच्या मध्ये महिन्याचे नाव येत असल्यामुळे ते एकमेकांना भिडत नाहीत आणि स्वल्पविरामाची गरजच उरत नाही. मी सांगितलेला नियम महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीचा होता, आणि तसे मी स्पष्ट म्हणायला हवे होते.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. अमेरिकी पद्धतीत वर्ष हे तारखेला मागाहून जोडलेली माहिती मानले जाते, म्हणून उघडलेला कंस जसा मिटवावा लागतो तसा तिथे दुसरा स्वल्पविराम लागतो. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या लेखनशैलीच्या अमेरिकी मार्गदर्शक ग्रंथाचाही दंडक हाच आहे. शिवाय आपल्या संविधानाची इंग्रजी उद्देशिका पाहावी: ‘धिस ट्वेंटी-सिक्स्थ डे ऑफ नोव्हेंबर, १९४९, डू हिअरबाय अडॉप्ट’. येथे १९४९ नंतर स्वल्पविराम आहे आणि त्याला लागूनच ‘डू’ हे क्रियापद आहे. ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’ हा कर्ता कितीतरी ओळी मागे राहिला आहे, तरी या स्वल्पविरामाने त्याची क्रियापदापासून ताटातूट होत नाही. येथे दिवस आधी येऊनही स्वल्पविराम आहे, कारण ‘डे ऑफ नोव्हेंबर’ ही जुनी कायदेशीर धाटणी आहे. म्हणजे वरच्या परिच्छेदातले माझे विधानही सरसकट लागू होत नाही.

हा दुसरा स्वल्पविराम आपल्याला खटकतो, याचे कारण बहुधा आपला मराठी कान असावा. ‘१५ ऑगस्ट १९४७ रोजी’ म्हणताना तारीख संपल्याची खूण ‘रोजी’ हा शब्दच देतो. इंग्रजीतले ‘ऑन’ आधीच येऊन गेलेले असते, त्यामुळे शेवटाची खूण चिन्हाला द्यावी लागते.

एका ठिकाणी मात्र मलाही तो नकोसा वाटतो: ‘द नोव्हेंबर २६, २००८, अटॅक्स’. नियमाने बरोबर असले तरी वाचताना ठेच लागते. अशा वेळी मी ‘द अटॅक्स ऑफ नोव्हेंबर २६, २००८’ अशी रचना बदलून घेतो.

मूळ लेखात ‘महिना आधी लिहिल्यास’ हे शब्द आज घातले आहेत. स्वल्पविराम होता तिथेच ठेवला आहे.