करीच्या आधी कट्ट्यावर

पोळा जवळ आला की आमच्या कट्ट्यावर दारूचा विषय निघतोच. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. लेकरांचा तान्हा पोळा, आणि मोठ्यांचं मटण, पत्ते, बाटली. यंदा सुरुवात सरांनी केली. सर कॉलेजात सीएचबीवर आहेत, म्हणजे तासाप्रमाणे पगार, तोही निघेल तेव्हा खरा. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, मात्र त्यांच्याच गळ्यात.

"करीच्या आधी पोट्ट्यायची व्यसनमुक्तीची शपथ घेऊन टाकतो," सर म्हणाले.

"घ्या," चहावाली मावशी म्हणाली. "२६ जूनलेही घेतली होती ना? माइकवर वाचनारा पोट्टा त्याच राती पुलापलीकडून डोलत आला."

पूल म्हणजे वर्धा नदीवरचा. आमचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावानं कोरडा, दारूबंदीचा. पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, आणि बार.

"मंग बंदी कायले ठेवता? उठवा," मेडिकलवाला म्हणाला. "चंद्रपूरनं २०१५ ले केली, २०२१ ले उठवलीच ना."

मावशी चवताळली. ती महिला मंडळात होती, मोहाच्या सडव्याचे ड्रम तिनं हातानं उलटे केलेत. "गडचिरोलीत १९९३ पासून हाय, थे नाही दिसत? बंदी आहे म्हनून माह्यासारखी बाई ठाण्यात जाऊन बोलू शकते. उठली तं कोनाच्या जोरावर बोलू?"

यावर कोणाकडं उत्तर नव्हतं. बंदीनं दारू थांबत नाही हे खरं, पण मावशीच्या हातात काहीतरी राहतं, हेही खरं. मात्र तो सगळा हिशेब घरच्या पुरुषाचा. कॉलेजच्या पोट्ट्याचं गणित वेगळं आहे, आणि आमच्यात ते माहीत असणारा एकच होता, १०८ गाडी चालवणारा दादा.

"बंदीनं पोट्टे प्यायचे थांबले नाहीत, गाडीवर बसले," तो म्हणाला. "तिघं एका गाडीवर जातात, तिघंही पिऊन येतात. चालवते कोन? ज्याले कमी चढली तो."

कोपऱ्यात बीएस्सी फायनलचा एक पोट्टा मोबाइल पाहत बसला होता. "बिअरच तं पेतात, दादा. दारू थोडीच."

मेडिकलवाल्यानं पेपरच्या कडेला हिशेब मांडला. स्ट्राँग बिअरची बाटली ६५० मिलीची, ८ टक्क्यांची. म्हणजे ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. तीस मिलीच्या पेगात ते जेमतेम तेरा. "एक बाटली म्हंजे चार पेग. एक पेग उतरायले तासभर तरी लागते. आठ वाजता दोन बाटल्या मारल्या तं पहाटे चारपर्यंत रक्तात हायच. निंबू चोख नाही तं काळी कॉफी पे, फरक पडत नाही." कायद्याची हद्द १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. पहिल्यांदा सापडला तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय राज्यात बिअरला २१ अन् दारूला २५ वर्षांची अट, म्हणजे फायनलची बहुतेक पोरं बिअरलाही पात्र नाहीत. पोट्ट्यानं पेपर ओढून आकडे परत तपासले. तासभरच्या व्याख्यानात हे घडलं नसतं, असं मला वाटतं.

"अन् गाडीवरून पडला नाही तं रूमवर मरते," दादा म्हणाला. "दोस्त म्हनतात, झोपू दे, सकाळी उतरते. उताना टाकतात. उलटी होते, थे श्वासनळीत जाते. प्यायचं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात चढतच राहते ना. हालवून उठत नसन, श्वास अडखळत असन, अंग गार असन, तं एका कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, अन् आम्हाले फोन करा. घरचे मारतीन म्हनून फोन करत नाहीत, तिथंच घात होते." कोणत्या अंगाला वळवायचं, गुडघा कसा दुमडायचा, हे त्यानं बाकावर आडवं होऊन दाखवलं. बाजाराला आलेल्या दोन बाया थांबून पाहत होत्या.

"पन पेतात काहून?" सरांनी थेट पोट्ट्यालाच विचारलं.

"बर्थडे, सर. नाही पेला तं चखना आनाले पाठवतात अन् गाडीही त्याच्याच गळ्यात. वरून चिडवतात. अन् सगळेच पेतात ना."

"सगळे? मोजले?"

"...नाही."

मला यातच खरी मेख दिसते. पिणारा मोठ्यानं बोलतो, न पिणारा गप्प बसतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं की आपणच तेवढे मागं राहिलो. मी म्हटलं, "शपथ सोडा. वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या. महिन्याभरात पेला का, हो नाही तर नाही. अन् वर्गातले किती पेत असतीन, त्याचाही अंदाज लिहून घ्या. दोन्ही आकडे फळ्यावर मांडा."

"अन् खरंच अर्ध्याच्या वर निघाले तं?" सर म्हणाले. "प्राचार्य माहेच तास बंद करतीन."

आक्षेप वाजवी होता. तसं निघालं तर फळ्यावर लिहायचं नाही, असं मेडिकलवाला म्हणाला. पोट्टा म्हणाला, मग पुन्हा कोणी खरं लिहिणार नाही. मला पोट्ट्याचं पटलं. मी म्हटलं, नको असलेले आकडे निघाले तर फळ्याच्या कोपऱ्यात १४४४६ लिहा, सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट. सरांनी नंबर वहीत उतरवला, पण चिठ्ठ्यांना हो म्हटलं नाही. पोरींच्या चिठ्ठ्या घ्यायच्या की नाही, यावरून आणखी पंधरा मिनिटं गेली.

"घ्या ना, त्यायले काहून वगळता?" मावशी कप गोळा करत म्हणाली. "अन् मोजायले मले बोलवा. तुमच्यातल्या कोनाचा भरोसा नाही."