गूगल करून आलेल्या पेशंटच्या बाजूने

आज सकाळपासून फीडमध्ये एकच फोटो फिरतोय. कॉफीचा मग, आणि त्यावर लिहिलंय की तुमचं गूगल सर्च आणि माझी मेडिकलची डिग्री यांची गल्लत करू नका. खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. टाकणारे माझ्याच यादीतले. त्यात डॉक्टरही आहेत, आणि सगळी भली माणसं आहेत, म्हणूनच जास्त लागलं. परक्या कुणी टाकलं असतं तर वाचून पुढे गेले असते.

माझ्या ताईबद्दल लिहिते. तिला विचारूनच लिहितेय.

संध्याकाळ झाली की ताईची उजवी पापणी खाली यायची. दिवसभर बोलणं झालं की आवाज नाकातून यायला लागायचा. रात्री जेवताना अर्ध्यावरच जबडा थकायचा, मग ती डाव्या हाताने हनुवटीला आधार देऊन घास चावायची. आम्ही समोर बसलेले असलो की तो हात टेबलावर टेकवल्यासारखा दाखवायची, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये. सकाळी मात्र चेहरा एकदम ताजा. आणि डॉक्टरांची वेळ मिळायची ती नेमकी सकाळची! तिथे बसलेल्या बाईला काहीच झालेलं नसायचं. टेन्शन कमी करा. झोप नीट घ्या. घरात काही वाद आहेत का? एकाने व्हिटॅमिन दिलं, एकाने झोपेची गोळी. आणि एकाने, फाईल बंद करता करता, मान वर न करता सांगितलं, "नेटवर वाचत बसू नका, त्यानेच होतंय हे सगळं."

त्या वाक्यानंतर ताई घरी येऊन रडली नाही. गप्प झाली. कितीतरी दिवस तिने त्रास होतोय हे सांगणंच सोडून दिलं. तो मग बघून हसणाऱ्यांनी हे जरूर डोळ्यांसमोर आणावं.

शेवटी तिने फेसबुकवरच्या एका पेशंटच्या ग्रुपमध्ये रात्री उशिरा सगळं लिहिलं. दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या एका बाईने उत्तर दिलं. तिने रोगाचं नाव घेतलं नाही, औषध सुचवलं नाही. एवढंच लिहिलं: सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, एकाच जागी उभी राहून, एकाच उजेडात, रोज चेहऱ्याचा फोटो काढ, आणि पुढच्या वेळी बोलण्याआधी फोन डॉक्टरांच्या हातात दे. बस्स. इतके डॉक्टर झाले, पण हे सांगायला ना ओळख ना पाळख अशी एक बाई लागली.

मग आम्ही ज्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, त्यांनी ते फोटो एकेक करून पाहिले. परत मागे जाऊन पाहिले. ताईला छताकडे बघत राहायला सांगितलं, पापणी न मिटता. थोड्या वेळात उजवी पापणी हळूहळू उतरली, सकाळची वेळ असूनसुद्धा. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून आणायला सांगितला आणि दोन मिनिटं तो मिटलेल्या पापणीवर धरला. बर्फ काढला तर पापणी वर! भावोजी खुर्चीतून उठूनच उभे राहिले. पुढे रक्ताच्या तपासणीत प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली आणि नाव कळलं, मायस्थेनिया ग्रॅव्हिस. शरीराचीच प्रतिपिंडं नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप अडवतात. स्नायू वापरत गेलं की थकतो, विश्रांती मिळाली की परत चालतो, गार केलं की थोडा वेळ सुधारतो. सकाळ आणि रात्र यांच्यातला फरक हेच तर त्याचं लक्षण! आणि तेच ती पहिल्यापासून सांगत होती.

हो, गूगलवर डोकेदुखी टाकली की ब्रेन ट्यूमर समोर येतो, आणि तो वाचून घाबरलेली माणसं डॉक्टरांचं डोकं खातात. मान्य. पण माणूस रात्री दोन वाजता गूगल का करतो, हे विचारा ना कधी. २०१७ साली ६७ देशांची आकडेवारी एकत्र करून एक अभ्यास छापून आला होता. जगातली साधारण निम्मी लोकसंख्या अशा देशांत राहते, जिथे साधा डॉक्टर एका पेशंटला सरासरी पाच मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ देतो. पाच मिनिटांत माणूस खुर्चीत नीट बसतोसुद्धा नाही. उरलेले सगळे प्रश्न तो घरी घेऊन येतो आणि तिथे जागा असतो फक्त फोन. ज्यांना खोलीत कुणी ऐकलं नाही ते बाहेर बोलणारच. त्यांची टर उडवू नका.

आणि पेशंट एकमेकांशी बोलले की नुसत्या अफवाच निघतात, हे तरी कुणी ठरवलं? एएलएस नावाच्या आजारात एकेक स्नायू बंद पडत जातो. हेवूड कुटुंबातल्या एका भावाला तो झाला आणि २००४ साली त्याच्या भावांनी 'पेशंट्सलाइकमी' ही साइट काढली. आपला आजार, औषध, डोस, आज हात किती उचलला, हे सगळं पेशंटनेच तिथे लिहायचं. २००८ मध्ये एका छोट्या अभ्यासात आलं की लिथियमने हा आजार मंदावतो. ज्यांच्या हातात वेळच नाही ती माणसं थांबतील कशी? त्यांनी डॉक्टरांकडून लिथियम मिळवलं, घेतलं आणि रोजचं लिहीत गेली. २०११ मध्ये त्या नोंदींवरून निष्कर्ष छापला गेला. लिथियमचा काहीही उपयोग होत नाही. हे उत्तर त्यांना नको होतं, तरी त्यांनी ते शोधलं आणि जगाला सांगितलं. जे मरणाच्या दारात उभं राहून खऱ्या नोंदी ठेवतात, त्यांना तुम्ही तो कॉफीचा मग दाखवणार?

लाँग कोविडचंही तेच. २०२० मध्ये सौम्य कोविड दोन आठवड्यांत बरा होतो असं सांगितलं जात होतं. ज्यांचा दम महिने उलटले तरी जात नव्हता, जिना चढला की दोन दिवस अंथरूण धरावं लागत होतं, त्यांना भीती मनात बसलीय असं ऐकवलं जायचं. मे महिन्यात एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व संशोधक बाईंनी ट्विटरवर स्वतःचा त्रास लिहिताना 'लाँग कोविड' हा हॅशटॅग वापरला आणि जगभरातून माणसं त्याखाली गोळा झाली. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. पेशंट दीड वर्ष आधीच पोचले होते.

आता दुसरी बाजू लिहायलाच हवी, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही लिहालच.

ताईच्या त्याच ग्रुपमध्ये एक गृहस्थ आले होते. डीपीला हसरा फोटो. स्वतःची गोष्ट रंगवून सांगितली, चार दिवस सगळ्यांची विचारपूस केली आणि मग एकेकाच्या इनबॉक्समध्ये शिरले. माझी पावडर घ्या, गोळ्या हळूहळू बंद करा. ताईलाही मेसेज आला. या आजारात श्वासाचे स्नायू दमले तर माणूस व्हेंटिलेटरवर जातो. गोळ्या बंद करा म्हणे! मी स्वतः फेसबुककडे त्या माणसाची तक्रार केली. उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन झालेलं दिसत नाही. ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी त्याला हाकलला. त्या स्वतः पेशंट आहेत, एक पैसा न घेता हे करतात, आणि जाहिरातींतून गडगंज झालेल्या कंपनीला ते जमलं नाही.

बेल गिब्सन आठवते का? ऑस्ट्रेलियातली. मेंदूचा कॅन्सर आपण खाण्यापिण्याने आटोक्यात ठेवला असं सांगून इन्स्टाग्रामवर नाव कमावलं, ॲप काढलं. कॅन्सर झालेलाच नव्हता. २०१७ मध्ये कोर्टाने ४ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तोवर तिच्यावर विश्वास ठेवून किती जणांनी उपचार लांबवले असतील, देव जाणे. लसीमुळे ऑटिझम होतो म्हणणारा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्यातला दावा आजही फॉरवर्ड होऊन कुठल्या ना कुठल्या आईच्या फोनवर पोचतो. ती आई मूर्ख नसते, घाबरलेली असते. आणि तिच्या भीतीवर कुणाचा तरी धंदा चालतो. राग यायचा तर तो इथे येऊ द्या. तिथे मात्र कुणी कॉफीचे मग छापत नाही.

आणि आपल्या माहितीचं काय होतं? 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशनाच्या कंपनीने, माहिती गुप्त राहील असं सांगून, लोकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली उत्तरं फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातींसाठी पुरवली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटलं. माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगतो की मला जगावंसं वाटत नाही, आणि त्यावरून त्याला जाहिरात दाखवायची? मला हे लिहितानाही हात थरथरतोय.

जरा पाणी पिऊन आले.

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, तुमच्यावर माझा राग नाही. तुमचं काय चाललंय ते मला दिसतं. माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे, रात्री अकरा वाजता तिच्या व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो येतात. अर्धे तिरके, अर्धे अंधारात काढलेले. वर 'जरा बघतेस का' एवढंच. ना केसपेपर, ना पेशंट समोर. ती बघते आणि उत्तरही देते. काही चुकलं तर जबाबदारी तिची, आणि या वेळाचे पैसे कुणी देत नाही. फोनने पेशंटला दार उघडून दिलं, पण डॉक्टरचं दार बंद व्हायची सोयच ठेवली नाही. हा अन्याय आहे आणि तो आपण सगळे मिळून करतोय.

तरीही म्हणते, पेशंटने वाचलेलं असलं तर त्याला भिऊ नका. अमेरिकेत २०१० मध्ये 'ओपननोट्स'चा प्रयोग झाला. शंभरावर डॉक्टरांनी स्वतः लिहिलेल्या नोंदी पेशंटना ऑनलाइन वाचायला खुल्या केल्या. पेशंट घाबरतील, फोन करून भंडावून सोडतील, अशी आधी भीती होती. वर्ष संपल्यावर नोंदी परत बंद करा असं एकाही डॉक्टरने म्हटलं नाही.

ताईचंच सांगते. मध्यंतरी तिला लघवीचा संसर्ग झाला. जवळच्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. ताईने पर्समधून घडी घातलेला कागद काढला, ग्रुपमधल्या बायकांनी जमवलेली आणि तिच्या न्यूरॉलॉजिस्टने तपासून सही केलेली यादी. मायस्थेनियात जपून द्यायची किंवा टाळायची औषधं. काही अँटिबायोटिक्स, काही बीटा ब्लॉकर्स (बीपी आणि हृदयासाठीच्या गोळ्या), मॅग्नेशियमचं इंजेक्शन. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या अँटिबायोटिक्सवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये मायस्थेनियासाठी ठळक चौकटीतला इशारा छापायला लावलाय. डॉक्टरांनी कागद वाचला, तिच्यासमोरच फोनवर खात्री केली, म्हणाले, "बरं झालं दाखवलंत." आणि दुसरं औषध लिहिलं. दोन मिनिटांचं काम. ना त्यांचा मान गेला, ना ताईचा.

एवढंच हवंय हो आम्हाला. आम्ही काय वाचून आलोय ते विचारा. चूक असेल तर चूक म्हणा, कुठे वाचायचं ते सांगा. तुमच्यापैकी जे चांगलं लिहू शकतात त्यांनी इथे लिहा, कारण तुम्ही लिहिलं नाही तर पावडरवाला लिहितोच आहे. आणि आता तर लोक चॅटबॉटला विचारायला लागलेत. तो कंटाळत नाही आणि हाकलून देत नाही, पण चुकीचंही तितक्याच ठामपणे सांगतो. तेव्हा तुमची गरज आधीपेक्षा जास्त आहे.

मायस्थेनियाचा पेशंट घरात असेल आणि ती औषधांची यादी हवी असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, पाठवते. फक्त तिच्यावरून स्वतःहून कुठलंही औषध बंद करू नका, आपल्या डॉक्टरांना दाखवा. आणि संध्याकाळी कुणाची पापणी उतरत असेल तर आजपासूनच दोन्ही वेळचे फोटो काढायला लागा.