वरच्याचं पाणी, खालच्याचं पाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘पाणी ज्याच्या हद्दीत, मालकी त्याची, खोऱ्याचा एकत्र कारभार म्हणजे आणखी एक सरकारी कार्यालय,’ असं तुम्ही लिहिलंत. तुम्हीही इंदूरचेच, म्हणून सविस्तर लिहितो.

राज्याला लावता तो नियम जिल्ह्याला लावून पाहा. मग खरगोनने आपल्याला एक घागरही देऊ नये! खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून पंपांनी चढवून आणलेली नर्मदा आपण पितो, आणि शहर तर तिच्या खोऱ्यात नाहीच. आपलं सांडपाणी खान नदीतून क्षिप्रेला, पुढे चंबळेतून यमुनेला जातं. म्हणजे घेताना आपण परके, सोडताना वरचे. मालकीचा हक्क नेमका कुठे सांगायचा?

राज्यांमधला नर्मदेचा पाणीतंटा सोडवायला नेमलेल्या नर्मदा लवादाने १९७९ साली २८ दशलक्ष एकर-फूट पाण्याची वाटणी केली: मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५, महाराष्ट्र ०.२५. राजस्थान खोऱ्याबाहेर असूनही त्याला वाटा मिळाला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पाणी कमी आलं तर तूटही ७३:३६:२:१ या प्रमाणात सगळ्यांनी सोसायची. वरच्याने आपलं भरून घ्यावं आणि उरलं तर खाली सोडावं, ही मुभाच ठेवली नाही. या निवाड्याची अंमलबजावणी पाहणारं नर्मदा नियंत्रण प्राधिकरण आपल्याच शहरात आहे. वाटपाचा फेरविचार ४५ वर्षांनंतर करता येईल, अशी तरतूद निवाड्यात आहे. ती मुदत २०२४ मध्ये संपली. अशा वेळी इंदूरकरांनी हद्दीची भाषा बोलावी, याची मला खरोखर काळजी वाटते.

कार्यालयांच्या गर्दीचं म्हणाल, तर एकाहून अधिक राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांसाठी मंडळं नेमायचा नदी मंडळ कायदा १९५६ चा आहे आणि त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. भांडण पेटल्यावर लवाद नेमायचा, एवढंच आपण करत आलो. लवाद पाणी वाटून देतो. नदी रोज सांभाळणं हे त्याचं काम नव्हे.

आणि ते न सांभाळल्याचा भोग उज्जैनला विचारा. खान त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी तिचं पाणी नळातून घाटांना वळसा देऊन पुढे सोडायची सोय करावी लागली. घाट वाचले, पण नळाच्या तोंडापुढच्या गावांचं काय? इंदूर, उज्जैन दोन्ही एकाच राज्यात, मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. तरी ही गत.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. जिल्ह्याच्या हद्दीवर खानचा प्रवाह आणि पाण्याची प्रत रोज मोजावी, आकडे दोन्ही शहरांना एकाच वेळी दिसावेत, आणि पाणी बिघडलं तर शुद्धीकरणाचा खर्च इंदूरने उचलावा. यातलं नेमकं काय तुम्हाला अन्यायाचं वाटतं, ते जरूर लिहा.