पाचवी प्रत

जून लागला की आमच्या श्रीवर्धनात माणसं आभाळाकडे जरा जास्तच बघायला लागतात. ३ जून २०२० ला दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ इथल्या किनाऱ्यावर आलं, त्याला यंदा पाच वर्षं झाली. वाड्या कशा आडव्या झाल्या, कौलं-पत्रे कसे उडाले, हे बऱ्याच जणांनी लिहिलंय. मला त्याच्या पुढच्या महिन्याबद्दल लिहायचंय, कारण परवा एका लग्नात ओळखीच्या गृहस्थांनी मला पुन्हा तेच ऐकवलं, "बरंच झालं की हो बाई, महिनाभर नेट नव्हतं ते. मुलं मोबाइलपासून लांब राहिली असतील."

जेवणाच्या पंगतीत मी काही बोलले नाही. आता बोलते.

मी घरोघर जाऊन शिकवण्या घेते. पाचवी ते आठवी, गणित आणि इंग्रजी. लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्याकडे अकरा मुलं होती. सुरुवातीचे काही दिवस सगळंच ठप्प झालं. मग पुण्याच्या भाचीने मला व्हिडिओ कॉलवर शिकवायचं कसं ते समजावलं. खुर्चीवर पाटी टेकवून मी अपूर्णांक शिकवायला लागले. अकरातल्या पाच मुलांच्या घरी स्मार्टफोन एकच, तोही वडिलांच्या खिशात, म्हणून त्यांचा तास रात्री आठनंतर. कसंबसं जमत आलं होतं. पोरं "बाई, आवाज येत नाही" म्हणायची आणि मी अजून मोठ्याने ओरडायचे.

३ जूनला ते सगळं एका दुपारी संपलं. विजेचे खांब मोडून पडले. टॉवरची बॅटरी किती वेळ पुरणार? जनरेटरला डिझेल हवं, आणि रस्त्यांवर झाडं आडवी, म्हणजे डिझेल येणार कुठून? खांबांवरून गेलेल्या केबलीही तुटून लोंबत होत्या. आमच्या आळीत वीज यायला महिना उलटला आणि फोनला धड नेट त्याच्याही नंतर आलं. तोवर मुंबईतल्या भावाला "आम्ही बरे आहोत" एवढं कळवायला मी नवऱ्यासोबत स्कूटरवरून चढावर जायचे, फोन हात उंच करून धरायचा आणि एखादी काडी दिसली की नंबर फिरवायचा. फोन चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग. एका चार्जिंगचे वीस रुपये.

त्यातच १५ जून आला. 'शाळा बंद पण शिक्षण सुरू', असं राज्यभर चाललं होतं. राज्यात सुरू असेलही. आमच्याकडची पोरं घरातल्या मोठ्यांसोबत वाडीतली पडलेली झाडं तोडून ओढत होती.

मग मी सकाळी सातला घराबाहेर पडायला लागले. तोंडाला मास्क, पिशवीत वह्या, पाण्याची बाटली. घरात जायचं नाही, ओटीवरच बसायचं, एका वेळी एकच मूल, अर्धा तास. कोरोनाची भीती होतीच. माझ्या सासूबाईंचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं, म्हणून घरी परतले की आधी आंघोळ, मगच त्यांच्याजवळ. रोज चार-पाच घरंच व्हायची, म्हणजे एकेका मुलाकडे फेरी आठवड्यातून दोन-तीनदा. मधल्या दिवसांचं काय? वीज नाही तर झेरॉक्स नाही. शेवटी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात ठेवणीतले कार्बन पेपर मिळाले. चार कार्बन, पाच कागद, आणि डॉटपेन इतकं दाबून की अंगठ्याला घट्टा पडला. अकरा मुलांसाठी एकच पान तीनदा लिहायचं, रात्री मेणबत्तीपाशी. बोटं कायम निळी.

पाचवी प्रत नेहमी अंधुक यायची. ती मी हुशार मुलांना द्यायचे, त्यांना अक्षर लागेल असं धरून. सहावीतल्या एका मुलीला एकदा ती गेली. त्यांच्या स्वयंपाकघरावरचं छप्पर उडालं होतं, वर ताडपत्री, खाली ओल. तिने चुलीच्या उबेला पुस्तकं उभी करून एकेक पान वेगळं करत वाळवली होती. वही तपासायला घेतली तर दहाच्या दहा गणितं चुकलेली. मी चिडले. मग नीट पाहिलं. अंधुक कागदावर तिला माझा १ हा ९ दिसला होता. ३१ गुणिले १२ च्या जागी तिने ३९ गुणिले १२ केलं होतं आणि ४६८ हे उत्तर अगदी बरोबर काढलं होतं. दहाही गणितांत असंच. तिने प्रत्येक फिकट आकडा पेन्सिलीने गिरवून घेतला होता, रात्री, बाजूला दिवा ठेवून. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

"मुलं मोबाइलपासून लांब राहिली" म्हणणाऱ्यांना मला हे पान दाखवायचंय. नेट नसणं हे सुट्टीत हौसेने फोन बाजूला ठेवण्यासारखं नव्हतं. शिकायची जी एकच वाट त्या वर्षी मुलांना दिली होती, तीच तुटली होती.

जूनची फी मी कुणाकडे मागितली नाही. सुपारीचं रोप लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. ज्याची उभी वाडी गेली त्याच्याकडे तीनशे रुपये कुठल्या तोंडाने मागायचे? पण आमचंही घर त्याच पैशावर चालतं, हेही लिहून ठेवते. शिकवणीवाल्या बाईला पगारी रजा नसते, आणि नुकसानीच्या पंचनाम्यात तिच्या बुडालेल्या तासांना रकाना नसतो.

सगळ्यात जास्त लागलं ते नेट आल्यावर. एका मुलाच्या आईचा फोन सुरू झाला आणि शाळेच्या ग्रुपवरचे तीनशेच्या वर मेसेज धडाधडा आले. व्हिडिओ, लिंका, स्वाध्याय, आणि त्याच्या नावापुढे रोज 'गैरहजर'. ते पोर माझ्याकडे बघून म्हणालं, "बाई, मी तर इथेच होतो."

वर्ष सरलं नाही तोच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आलं, जुलैत महाड-चिपळूणला पुराने धुतलं. कोकणात हे होत राहणार. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुस्तकं पावसाच्या आधी मुलांच्या हातात पडावीत. प्रत्येक शाळेने चार आठवड्यांचा अभ्यास कागदावर तयार ठेवावा. आणि वीज-नेट गेलेल्या गावातल्या मुलांची हजेरी फोनवरून धरू नये. याला मोठा खर्च येत नाही. मी एकटी दरवर्षी करते. मृगाच्या आधी चाळीस पानांची 'पावसाळ्याची वही' माझ्या प्रत्येक मुलाला देते. झेरॉक्सवाले दादा निम्मेच पैसे घेतात.

यंदाच्या वहीची मूळ पानं सहावीतल्या त्याच मुलीने लिहून दिली. ती आता अकरावीला आहे. तिचा १ असा ठसठशीत असतो की कुणालाही तो ९ वाटणार नाही.

यंदा मुलं सतरा आहेत. श्रीवर्धन-म्हसळा भागात कुणाकडे पाठकोरे कागद पडून असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.