'पाऊण तास उशीर' या अभिप्रायाला संस्थेतर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

रविवारच्या आमच्या प्रयोगाला तुम्ही एक तारा दिलात. 'साडेसहाचं नाटक पाऊण तास उशिरा, तिकीट 200 रुपये, वर शेवटी भाषणबाजी. हौशी मंडळींनी पुण्या-मुंबईचा तोरा मिरवू नये,' असं लिहिलंत. तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत.

पण पाऊण तास नव्हे हो! तिसरी घंटा 6 वाजून 50 मिनिटांनी झाली आणि लगेच आतून नांदी सुरू झाली. 6.55 ला पडदा वर. प्रत्येक प्रयोगाच्या घंटांची वेळ आमचा बॅकस्टेजचा मुलगा वहीत टिपतो, ती वही कधीही येऊन बघा. आणि राग मानू नका, पण तुम्ही दारात आलात तेव्हा दुसरी घंटा होऊन गेली होती. तिकीट फाडणाऱ्या पोराच्या हे चांगलं लक्षात आहे, कारण स्कूटर कुठे लावायची यावरून तुमचं त्याच्याशी वाजलं होतं. म्हणजे तुम्ही खुर्चीत बसून वाट पाहिलीत ती दहा-बारा मिनिटं. तेवढा वेळ तर आपल्याकडे लग्नात अक्षता वाटण्यात जातो.

थांबलो ते कुणा पुढाऱ्यासाठी नाही. आमचा हंगाम रंगभूमी दिनाला, 5 नोव्हेंबरला, नटराजपूजन करून सुरू होतो आणि नेमकी त्याच सुमाराला बेळगावजवळच्या खानापूर भागात भाताची सुगी असते. तिथल्या एका गावच्या भजनी मंडळाच्या बायकांनी आठवडाभर आधी बुकिंग केलं होतं. सगळी तिकिटं रोख पैसे देऊन, एकही पास नाही. (शहरात खिडकीवर पहिला प्रश्न 'पास मिळंल काय?' हाच असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.) दिवसभर मळणी करून त्या टेम्पोत बसल्या आणि टेम्पो पिरनवाडीला गर्दीत अडकला. तिथून फोन आला, 'आलोच, घंटा देऊ नका.' मी पडद्यापुढे येऊन हात जोडून हे सगळं सांगितलंही. पुढच्या रांगेत तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होता, त्यामुळे कदाचित ऐकू आलं नसेल. त्या बायका अंधारात चाचपडत आल्या असत्या तर तुमचाच पहिला प्रवेश वाया गेला असता.

तिकिटाचं म्हणाल तर 200 रुपये फक्त पहिल्या पाच रांगांना. मागे 100 आहे. सभागृहाचं भाडं, लाइट, साउंड, नेपथ्याचा टेम्पो आणि लेखकाचं मानधन देऊन उरतं ते चहा-पोह्यांना पुरत नाही. लेखकाला न विचारता नाटक करणारेही असतात, आम्ही त्यातले नाही.

हौशी म्हणालात ते मान्य. आमच्यातला कुणी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, कुणी शाळेत शिकवतो. तालमी रात्री नऊनंतर. पण पुण्या-मुंबईचा तोरा हे मात्र लागलं. 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून ज्यांनी संगीत नाटकाला चांगले दिवस दाखवले ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तोरा मिरवायचाच असेल तर आम्हाला तो बाहेरून उसना आणावा लागत नाही.

आता भाषणबाजी. पडदा पडला की प्रेक्षक घरी आणि आम्ही नेपथ्य उतरवायला, असंच वर्षानुवर्षं चाललं होतं. कोण आलं, काय आवडलं, काही पत्ता नाही. म्हणून या हंगामापासून प्रयोगानंतर थोडा वेळ गप्पा ठेवल्या. तुम्ही निघालात त्यानंतरचं सांगतो. त्या भजनी मंडळातल्या एक आजी उठल्या आणि आमच्या नायिकेला म्हणाल्या, "बाई, रडलीस चांगलं, पण सूप असं धरत्यात व्हय?" तशाच रंगमंचावर चढल्या. सूप हातात घेतलं, कडा पोटाशी टेकवली, मनगटाला हलका झटका दिला आणि वर उडालेला कोंडा फुंकरीने बाजूला काढला. नायिकेने चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी आजी म्हणाल्या, "आत्ता सून शोभतीस." सभागृहात टाळ्या. मागच्या रांगेतल्या एका कन्नड गृहस्थांना शेजारचे अर्थ सांगत होते, तेही हसत होते. गुरुवारच्या प्रयोगात तो प्रवेश आजींनी दाखवला तसाच झाला. याला भाषणबाजी म्हणायचं असेल तर आमचा इलाज नाही.

तरी तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे. वेळेच्या बाबतीत यापुढे शक्य तेवढी काळजी घेऊ, गप्पांना थांबायची सक्ती नाही हे आधीच जाहीर करू आणि स्कूटर लावायच्या जागेचंही बघतो. सुगीत मात्र पाच-दहा मिनिटं मागेपुढे होणारच, हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढच्या प्रयोगाला जरूर या. तिकीट काढूनच या, पण चहा आमच्याकडून.

तारा एकच ठेवलात तरी चालेल. तेवढं 'पाऊण तास' दुरुस्त करा. ते वाचून उद्या लोक सव्वासातला यायला लागले तर घंटा कुणासाठी द्यायची?

आपला,
व्यवस्थापक