सतरा इंची चाकांनी गाडी वर येत नाही

बेळगावच्या उद्यमबागेपासून खानापूरपर्यंत सध्या पोरांच्या मोबाइलवर एकच क्लिप फिरते आहे. म्हणणं असं: छोट्या स्प्रिंग टाकून गाडी खाली घेतलीय ना, मग सतरा इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाकं, बसवा. गेलेला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातली जागा, परत मिळतो, मोठं चाक खड्ड्यावरून अलगद जातं, आणि हवा जरा जास्त ठेवली की रिमलाही काही होत नाही.

क्लिअरन्सचा हिशेबच चुकलाय. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीचा टायर येतो १८५/६५ आर १५, म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम पंधरा इंची. त्याची एकूण उंची साधारण ६२२ मिमी. सतरा इंची रिमवर २०५/४५ चढवला तर ६१६. रिम दोन इंच वाढली आणि गाडी उलट तीन मिमी खाली गेली! २०५/५० घेतला तर उंची ६३७ होते. पण गाडी उचलली जाते वाढीच्या निम्मीच, म्हणजे आठ मिमीसुद्धा नाही. स्प्रिंगनं चाळीस मिमी खाल्लेले असतील तर उरलेल्या बत्तिसांचं काय? शिवाय हा टायर वळताना चाकावरच्या कमानीतल्या प्लास्टिक लायनरला घासायची भीती, आणि स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी वेग दाखवणार ते वेगळंच.

मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, हे मात्र खरं. बैलगाडीची चाकं उगाच एवढी मोठी नसत. पण खड्ड्याला रिमशी देणंघेणं नाही, त्याला कळते टायरची बाहेरची उंची. ती तर होती तिथंच आहे.

क्लिपमध्ये नसलेली गोष्ट अशी की गाडी खाली घेतली की सस्पेन्शनला खाली-वर व्हायला जागाच कमी उरते. थोड्या धक्क्यात ते बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आदळतं. मग मार झेलायला राहते टायरची बाजूची भिंत. १६५/८० आर १४ ला ती १३२ मिमी, पंधराच्या टायरला १२०, आणि २०५/४५ आर १७ ला फक्त ९२. पावसाळ्यात जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे निघालात की खड्डा कुठला आणि डबकं कुठलं हे चाक आत गेल्यावरच कळतं. तिथं चौदा आणि सतरामधलं हे चाळीस मिमी रबर म्हणजे रिम वाचणं किंवा न वाचणं. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं एकाच पावसाळ्यात दोन अलॉय घालवली. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. तडकलेलं अलॉय वेल्डिंग करून पुन्हा वापरायला माझा जीव तरी धजणार नाही.

हवेचं म्हणाल तर जास्त भरल्यावर टायर दगड होतो आणि मार सस्पेन्शनचे बुश (रबरी सांधे), स्ट्रट (शॉक अब्सॉर्बर) आणि रिम यांच्यावर जातो. कमी ठेवली तर रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये रबर चिरडतं, आतले दोर तुटतात, बाजूला गोळा येतो. पातळ टायरला दोन्हीकडून मरण.

हायवेवर वळणात पातळ टायर गाडी घट्ट धरतो, ते मी नाकारत नाही. निपाणी-बेळगाव एवढंच फिरणं असेल तर तुमची हौस. पण गावागावातल्या न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवर पोट घासत असेल, तर त्याला औषध कंपनीची स्प्रिंग परत टाकणं हेच. गाडी खालीच हवी असेल तर पंधरा इंची चाकं ठेवा, खानापूर भागात रोजचं जाणं-येणं असेल तर चौदा. चौदाची रिम ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या भागाला) लागते का, ते एक चाक बसवून हातानं फिरवून बघा, मगच चार घ्या.