लाल पेन्सिल आणि दोन बोअर

१५ मार्च २०२३ ला आइंडहोवनमध्ये, घराजवळच्या शाळेत, मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्यासाठी मत दिलं. नेदरलँड्समध्ये मतदान अजून लाल पेन्सिलीने होतं. टेबलक्लॉथएवढी मतपत्रिका उलगडायची, एका नावासमोरचा गोल रंगवायचा, पुन्हा घडी घालून पेटीत कोंबायची. शेजारच्या आजोबांच्या हातात दोन मतदानपत्रं होती, माझ्या हातात एकच. त्याच दिवशी प्रांताचीही निवडणूक होती आणि तिला डच नागरिकत्व लागतं. पाणी मंडळाला लागत नाही. इथे कायदेशीर राहता ना, मग मत द्या, इतकंच.

या मंडळांना ‘वाटरस्खाप’ म्हणतात. देशात अशी २१ आहेत. बंधारे, नाले, नद्यांची पातळी आणि सांडपाण्याचं शुद्धीकरण हे त्यांचं काम. त्यासाठी ती स्वतःचा कर लावतात, वरून निधी येण्याची वाट बघत बसत नाहीत. ऱ्हाइनलँडचं मंडळ तेराव्या शतकापासून चालू आहे, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव होते तेव्हापासून. आमचं मंडळ द डोमेल. डच म्हटलं की समुद्र आणि बंधारे आठवतात, पण आमच्या ब्राबांत प्रांताची जमीन रेताड आहे. इथे चिंता बुडण्याइतकीच आटण्याचीही असते. २०१८ च्या उन्हाळ्यात समोरच्या बागेतलं गवत साताऱ्याकडच्या दुष्काळी माणच्या माळासारखं पिवळं पडलेलं बघून मला घरी आल्यासारखं वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही.

त्याच वर्षी मे महिन्यात मी गावी होतो. आमचं गाव माण तालुक्यातलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचे, म्हणजे गावांनी श्रमदानाने पाणी अडवायच्या स्पर्धेचे, दिवस होते. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोचली होती. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस. गावातून पाच जण प्रशिक्षणाला गेले होते, त्यांत आमच्या वहिनी. ज्या वहिनी माझ्या लग्नात फोटोला उभं राहायला लाजत होत्या, त्या पहाटे सहाला माळावर हायड्रोमार्कर धरून तीस माणसांना समपातळी म्हणजे काय ते समजावत होत्या. दोन काठ्या, मध्ये पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी एका रेघेत आलं की फक्कीने खूण करायची आणि त्या खुणांवरून चर खणायचा. “भावजी, काठी हलवू नगा, पानी खोटं बोलत न्हाई, तुमचा हात बोलतो,” असं त्या मला म्हणाल्या. माझ्या हाताला एका तासात फोड आले. पण हे लिहायचं कारण फोड नव्हे.

परदेशातल्या आपल्या मंडळींत पाण्याचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. पहिला, “आपल्या लोकांना शिस्तच नाही.” हा मी ऐकून घेत नाही. पहाटे सहाला चारशे माणसं फुकट खणताना मी पाहिली आहेत, आणि आमच्या डच गल्लीत श्रमदानाची वेळ सकाळी साडेदहा ठेवली तरी निम्मे लोक कॉफी झाल्यावर उगवतात. दुसरा सूर, “प्रत्येक गावाला एक पोपटराव पाहिजे.” हा जास्त आदराचा आहे आणि म्हणून जास्त फसवा.

गावाला दुष्काळातून वर काढणाऱ्या पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारला लोक सहलीसारखे जातात, चर आणि झाडी बघतात, फोटो काढतात. फोटोत न येणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. जेमतेम पावसाच्या त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळी नाकारली, आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवलं. पाणी कमी असेल त्या वर्षी पीकही कमी पाण्याचं. चर खणायला गाव जमवणं हे नेतृत्वाचं सोपं अर्ध आहे. अवघड अर्ध पाणी आल्यावर सुरू होतं, आणि ते म्हणजे भावकीतल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं.

आमच्या गावाने सोपं अर्ध छान केलं. त्या पावसाळ्यात विहिरी भरल्या. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, ज्यात पुण्यापासून टोरंटोपर्यंतची पोरं आहेत, भरलेल्या बंधाऱ्याचे फोटो इतके आले की माझ्या फोनची जागा संपली. मग कांदा वाढला, डाळिंब आलं, ऊस आला. बोअरची गाडी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात फिरू लागली. पाण्याचा ताळेबंद शाळेच्या भिंतीवर एकदा रंगवला होता; पुढच्या वर्षी त्यावर पल्स पोलिओची जाहिरात आली. काही वर्षांनी उन्हाळ्यात टँकर परत आला. चर अजून आहेत, निम्मे गाळाने भरलेले.

कायदा नाही असंही नाही. ६० मीटरपेक्षा खोल बोअरला आवर घालणारा महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे. पण कागदावरचं ‘नाही’ कोणीतरी गावात उच्चारावं लागतं, आणि उच्चारणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दूध कोण घालणार हा साधा प्रश्न असतो.

इथे हे लोकांना जन्मजात येतं असं मी म्हणणार नाही. कोरड्या उन्हाळ्यात पाणी मंडळ ओढ्यांतून पाणी उपसायला बंदी करतं, आणि इथला शेतकरी आपल्याकडच्याइतकाच चिडतो. मंडळात शेतकऱ्यांसाठी दोन राखीव जागा आहेत, निसर्गवाल्यांसाठीही दोन. बैठकीत हे चौघे किती प्रेमाने बोलत असतील याची कल्पना करा. फरक इतकाच की ‘नाही’ एका माणसाच्या तोंडून येत नाही, शिव्या वाटल्या जातात. आणि मंडळाला पैसा आहे. आपल्या ग्रामपंचायतीला तेवढा कर आणि तेवढे अभियंते द्या, मग तुलना करू. त्याआधीची तुलना म्हणजे नुसती एनआरआय मस्ती.

मला स्वतःला नेतृत्व शिकायला लागलं ते मंडळात नाही, गल्लीत. इथे फरश्या उखडण्याची एक राष्ट्रीय स्पर्धा असते, ‘टेखलविपन’. २०२० मध्ये ॲम्स्टरडॅम विरुद्ध रॉटरडॅम अशी सुरू झाली आणि मग देशभर पसरली. अंगणातली, दारातली फरशी काढायची आणि तिथे माती, रोपं लावायची, म्हणजे पाऊस गटारात न जाता जमिनीत मुरतो. आपण आयुष्यभर शेणाचं अंगण जाऊन फरशी यावी म्हणून कष्ट काढले, आणि हे फरशी उखडून बक्षीस मिळवतात! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मग तिकडं गेलास कशाला?”

उत्साहाने मी पुढाकार घेतला. हवामानबदल, भूजल, पृथ्वीचं भविष्य असा दीड पानाचा मजकूर लिहून पस्तीस घरांच्या पत्रपेट्यांत टाकला. आले दोघे, त्यातला एक चुकून. शेजारच्या आजोबांनी पत्र वाचून एवढंच विचारलं, की गेल्या ऑगस्टच्या पावसात १४ नंबरच्या तळघरात पाणी शिरलं होतं, ते तू यात का नाही लिहिलंस? दुसरं पत्र तीन ओळींचं होतं, १४ नंबरच्या तळघराबद्दल. अकरा घरं आली. वहिनींना हे आठ वर्षांपूर्वी ठाऊक होतं. त्यांनी माळावर पृथ्वीचं नाव एकदाही काढलं नव्हतं, त्या हंड्याबद्दल बोलत होत्या.

खरी परीक्षा पार्किंगवर झाली. गल्लीच्या टोकाला दोन गाड्यांची जागा फोडून तिथे पाणी मुरवायचं ठरत होतं. एका बाईंचा विरोध, कारण त्यांचा मुलगा व्हीलचेअरवर, गाडी दारातच लागते. मी म्हटलं, हात वर करून मत घेऊ, बहुमत आपल्याकडे आहे. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी जेवणाच्या पंगतीत चप्पल घालून आलोय. तीन बैठका झाल्या, प्रत्येकीला एक कप कॉफी आणि मोजून एक बिस्किट. शेवटी एकच जागा फोडली, आणि ती माझ्या गाडीची. ‘पुढाकार घेणाऱ्याने आधी द्यायचं’ असं कुणी म्हटलं नाही. फक्त सगळे गप्प बसले आणि मला कळलं.

त्या गप्प बसण्यातच मला गावाकडची एक गोष्ट आठवली, जी मी आमच्या गटावर कधी लिहिली नाही. गावातल्या बोअरबद्दल मी मोठमोठे मेसेज टाकतो. पण २०२० मध्ये आमच्या वाटणीच्या रानात जो दुसरा बोअर पडला, तो माझ्या पैशांनी. दादाचा फोन आला होता, पहिल्याचं पाणी कमी झालंय, डाळिंब जळेल. मी युरो पाठवले, दहा मिनिटांत, फोनवरूनच. किती फूट हेही विचारलं नाही. आज त्या रानात ऊस उभा आहे.

गेल्या रविवारी वहिनींचा फोन आला. त्या आता ग्रामपंचायतीत आहेत. येत्या ग्रामसभेत त्या ठराव आणणार आहेत, नवा बोअर नाही, आणि ज्यांचे दोन आहेत त्यांनी उन्हाळ्यात एक बंद ठेवायचा. यादी केली आहे, तेवीस नावं. पहिलं कुणाचं वाचायचं यावर त्या अडल्या होत्या.

“आपलं वाचते,” त्या म्हणाल्या. “चालंल?”

मी म्हटलं, दादाला एकदा विचारतो.

“त्यांना इचारलंय मी,” वहिनी म्हणाल्या. “तुमाला इचारतेय, भावजी.”